वही मिट आणि बोल

सास्तूर, ता. लोहारा

चि. बाळ,


ताईचा फोन आला होता. ब्रिटनला जायचं म्हणून तू पुण्यात क्लास लावलास आणि रात्रपाळी करून आल्यावर 'मॉडेल आन्सर'ची वही घोकत बसतेस म्हणे. ती वही आधी मिट.

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा बोलण्याचा भाग सगळा 11 ते 14 मिनिटांचा. सुरुवातीला घर, काम, आवडीनिवडी. मग हातात एक कार्ड, विचाराला एक मिनिट, आणि दोनेक मिनिटं एकटीनं बोलायचं. शेवटी त्याच विषयावर चर्चा. घोकंपट्टी उघडी पडते ती या चर्चेत. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चारांना सारखंच वजन. तुझी गोष्ट खरी की खोटी, तुझं मत पटलं की नाही, याला गुण नाहीत. मग वहीतली गोव्याच्या बीचवरची उसनी सहल कशाला?

समज, कार्डावर आलं, 'जुन्या घराचं वर्णन करा'. तुझा जन्म भूकंपानंतरचा, पण आपल्या माळवदाच्या घराचं तू लहानपणापासून ऐकलंस. तेच सांग. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यांच्यावर हात-दीड हात पांढरी माती. उन्हाळ्यात आत गारवा. 30 सप्टेंबर 1993 ला, गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. दगड धरून ठेवायला नुसती मातीच. भिंती फुटल्या आणि सगळं माळवद अंगावर आलं. यातल्या कुठल्या वाक्याला अवघड इंग्रजी लागतं? स्टोन, मड, रूफ, हेवी. 'माळवद' हा शब्द बिनधास्त तसाच म्हण आणि पुढच्या वाक्यात समजावून सांग. शब्द अडला तरी अर्थ पोचवता येणं, याला तिथं किंमत आहे.

चर्चेत विचारतील, लोक जुन्या पद्धतीनं घरं का बांधायचे? नव्या वसाहतीत माणसं रुळतात का? यावर आपल्याकडं पारावर बसणारा कुणीही तासभर बोलेल. मुद्दे तुझ्याकडं आहेत, फक्त ते इंग्रजीत मोठ्यानं म्हणायची सवय नाही.

उच्चारात साहेबी ढंग आणू नकोस, कुणी मागितलेला नाही. समोरच्याला कळलं म्हणजे झालं. पण 'इस्टाफ'मधला इ काढून टाक. आणि लिहायचं पेन नि छातीतलं पेन आपण एकाच मापानं बोलतो. दुखण्याचं जरा लांबव. नर्सला ही गफलत परवडायची नाही! प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांग, त्यात कमीपणा नाही.

माझं मत विचारशील तर आयेल्ट्सपेक्षा ओईटी दे. ती दवाखान्यातल्या माणसांसाठीच काढलेली परीक्षा आहे. दोन रोलप्ले, प्रत्येकी पाचेक मिनिटांचे. त्याआधी कार्ड वाचायला थोडा वेळ. समोरचा माणूस पेशंट होतो नाहीतर नातेवाईक. भाषेबरोबर हेही बघतात, की तू त्याची भीती ऐकून घेतेस का, थोडंथोडं सांगून त्याला कळलं का विचारतेस का. 'इन्सुलिन एकदा सुरू केलं की सुटत नाही' म्हणून हटून बसलेल्या आजोबांना तू वॉर्डात कसं वळवतेस? आधी त्यांचं ऐकतेस, मग सांगतेस. तेच इंग्रजीत कर. रूमवरच्या मैत्रिणीला आजोबा कर, तिला खरोखर हट्ट करू दे, आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐक. स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटेल. वाटू दे. कुठं अडखळतेस ते दुसरं कुणी इतकं नेमकं दाखवणार नाही.

ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला बोलण्यात आयेल्ट्सचे 7 किंवा ओईटीची बी श्रेणी लागते. नियम बदलत असतात, तेव्हा फी भरण्याआधी कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः वाच. क्लासवाल्याच्या शब्दावर जाऊ नकोस. आणि परीक्षेला ओळख म्हणून पासपोर्ट लागतो, आधार कार्डावर भागत नाही. तुझ्या पासपोर्टची मुदत आजच बघ.

तुझी
मावशी