शनिवारवाड्यांत पुतण्यासह

पुण्यांत राहणाऱ्या माणसास शनिवारवाडा पाहण्याचा योग बहुधा पाहुणा आल्याशिवाय येत नाहीं. आम्हीहि त्या तटाखालून शेंकडों वेळां गेलों असूं. पण आंत पाऊल टाकल्यास किती वर्षें लोटलीं, हें कोणी विचारलें असतें तर सांगतां आलें नसतें. ह्या उन्हाळ्याच्या सुटींत मात्र नागपुराहून आमचा नऊ वर्षांचा पुतण्या आला आणि दुसऱ्याच दिवशीं सकाळीं दुधाचा पेला खालीं ठेवतांना त्यानें फर्मावलें, "काका, मला शनिवारवाडा दाखवा."

ह्या पाहुण्याचें येणें साधें नव्हतें. कोंकणांतील वडिलोपार्जित घराच्या वांटणीवरून वडील बंधूंचें व आमचें बिनसलें, त्यास सात वर्षें झालीं. मधल्या काळांत बायकाबायकांत संक्रांतीचा तिळगूळ गेला-आला असेल. आम्हां भावांत एक शब्दहि नाहीं. यंदां वहिनींनीं पुढाकार घेतला आणि एका ओळखीच्या गृहस्थांबरोबर बाळास गाडींत बसवून दिलें.

ऊन चढण्यापूर्वींच आम्ही निघालों. पटांगणांतील बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा पाहून झाल्यावर बाळ जो दिल्ली दरवाजापाशीं थबकला तो हलेना. उत्तरेकडे तोंड केलेलें तें प्रचंड दार, त्यावरचे वीतवीतभर लांबीचे अणकुचीदार खिळे! शत्रूच्या हत्तीनें धडक द्यावयाची म्हटलें तर त्याच्या गंडस्थळाच्या उंचीवर हे खिळे येतील अशी योजना आहे, हें सांगतांच त्याचे डोळे चमकले आणि तो बोट वर करून मोजूं लागला. एका फळीवर आडवे नऊ आणि उभे आठ, एकूण ७२. तिकिटें घेऊन आंत शिरेपर्यंत त्यानें तीन वेळां मोजले व तिन्ही वेळां ७२ च आले. आम्ही गप्प राहिलों. लहानपणीं ह्याच दारापाशीं वडिलांचें बोट धरून आम्हीं ६४ मोजले होते, आणि त्यावरून आमचें व दादाचें घरीं पोंचेपर्यंत हमरीतुमरीचें भांडण झालें होतें.

वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजीं झाली आणि वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं. दोन्ही दिवस शनिवार. लांकूड जुन्नरच्या रानांतलें, दगड चिंचवडच्या खाणींतला, चुना जेजुरीचा; आणि खर्च १६,११० रुपये सांगतात. हा आंकडा ऐकून बाळानें, "एवढ्यांत तर बाबांचा मोबाइलसुद्धां येत नाहीं," असा शेरा मारला. तटाची खालची बाजू दगडी आणि वरची विटांची कां, हेंहि त्यानें विचारलें. संपूर्ण दगडी वाडा बांधण्याचा अधिकार छत्रपतींचा, अशी तक्रार साताऱ्यास गेल्यामुळें पुढील काम विटांत करावें लागलें, अशी आख्यायिका आहे. ती त्यास फारशी पटली नाहीं. ससा कुत्र्याच्या मागें लागलेला पाहून बाजीरावांनीं ही जागा निवडली, ही गोष्ट मात्र त्यानें बिनतक्रार स्वीकारली.

आंत गेल्यावर त्याचा हिरमोड झाला, तो स्वाभाविक होता. "वाडा कुठं आहे?" असें त्यानें विचारलें. जेथें एके काळीं हजार माणसें राहत होतीं तेथें आतां हिरवळ आणि दगडी जोतीं. १८१७ च्या नोव्हेंबरांत येथें इंग्रजांचें निशाण चढलें, आणि २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत, जी आठवडाभर विझली नाहीं, इमारती जळून गेल्या. हजारी कारंज्याच्या सोळा पाकळ्या मोजून बाळ थोडा सांवरला; मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "पौर्णिमेच्या रात्रीं 'काका, मला वाचवा' असं ओरडतात, तें कुठं?"

हा विषय टाळावा असें आम्हीं घरून ठरवून निघालों होतों. ज्या मुलाचे आपणच काका, त्यास ही कथा सांगण्याइतकी अवघड कामगिरी दुसरी नसेल! पण मुलांस अर्धवट कळलेलें पुरतें कळलेल्यापेक्षां अधिक भेडसावतें. सांवलींत बसून आम्हीं सांगितलें, तें जसें घडलें तसें. राघोबादादांनीं थोरल्या माधवरावांशीं युद्ध केलें, १७६८ सालीं धोडपला ते हरले व ह्याच वाड्यांत नजरकैदेंत पडले. माधवराव १७७२ त वारले. अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा असतांना ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारद्यांनीं त्यास काकांच्या देखत मारिलें. 'ध' चा 'मा' केल्याची गोष्ट लोकांच्या तोंडची आहे, आणि रामशास्त्र्यांनीं देहान्त प्रायश्चित्ताचा निकाल दिला, हेंहि सांगितलें.

"पण सगळेच काका तसे नसतात," आम्ही घाईनें पुढें म्हणालों. "बाजीराव वारले तेव्हां चिमाजी आप्पा पुतण्या नानासाहेबाच्या पाठीशीं उभे राहिले. पानपतावर विश्वासराव पडल्यावर त्याचा काका सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून गर्दींत शिरला, तो परत आला नाहीं."

बाळानें हें सारें ऐकून घेतलें. मग म्हणाला, "तुम्ही आणि बाबासुद्धां भांडलां ना? घरावरून?"

"हो."

"मग आतां त्या घरांत कोण राहतं?"

"कोणी नाहीं. कुलूप आहे."

तो समोरच्या जोत्यांकडे पाहूं लागला. आम्हीहि तिकडेच पाहिलें, कारण त्याच्याकडे पाहवेना. वांटणीच्या कागदांत चुकलें कोणाचें, ह्याविषयीं आमचें मत अजून बदललेलें नाहीं. परंतु त्या घराच्या पडवीचें छप्पर मागल्या पावसाळ्यांत बसलें, ही बातमी आमच्याच खिशांतील पत्रांत महिनाभर पडून होती.

बाहेर येऊन उसाचा रस प्यालों. बाळानें आमचा फोन मागून घेतला आणि वडिलांस लावला. ससा, हत्ती, आग, सारें सांगून झाल्यावर तो म्हणाला, "बाबा, खिळे ७२ आहेत. काकांना विचारा हवं तर!" आणि आम्हीं नको म्हणण्याच्या आंत त्यानें फोन आमच्या कानाशीं धरला.

पलीकडे कांहीं क्षण शांत होतें. आम्हीं पडवीचें सांगावयास तोंड उघडलें. पण तेवढ्यांत आवाज आला.

"७२ च ना? तूं त्या वेळीं एक ओळ मोजलीच नव्हतीस."

"दादा," आम्ही म्हणालों, "वरची ओळ मला दिसत नव्हती. तुला बाबांनीं खांद्यावर घेतलें होतें."


"मग तेव्हांच कां नाहीं सांगितलंस?" तो म्हणाला, आणि मग, जरा थांबून, "पडवी बसली म्हणे."