खिडकी इथे, प्रोग्राम तिथे

२०१२ साली ॲपलचं माउंटन लायन आलं आणि मॅकमधलं एक्स११ गेलं. आता 'एक्सक्वार्ट्झ' वेगळं उतरवून घ्यायचं. पाच मिनिटांचं काम, तरी मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या या एक्सची गंमतच न्यारी. प्रोग्राम चालणार दूरच्या मशीनवर, खिडकी उघडणार आपल्या टेबलावर. आणि सर्व्हर म्हणायचं ते आपल्याच मशीनवर पडदा सांभाळणाऱ्याला! (हे उलटं गणित डोक्यात शिरायला मला अख्खं सेमिस्टर लागलं.) आमचं प्रोजेक्ट असंच पार पडलं. हॉस्टेलमधून लॅबच्या मशीनवर एसएसएच, आणि रात्री दोनला एकेक रेघ सरकत उमटणारे आलेख.

एक्सक्वार्ट्झ आजही चालतं म्हणा. परवा टीममधल्या नव्या पोराला कौतुकाने दाखवलं, तर म्हणतो, "पण हे ब्राउझरमध्ये नाही का होत?"

होतं रे बाबा.