गाडी घरची की शर्यतीची?

"आई, तुझ्या पायानं क्लच जाळला!"

चिरंजीवांनी घरात पाऊल टाकताच निकाल सुनावला. मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातातच राहिलं.

लग्न होऊन जयपूरला आले त्याला तीस वर्षं होतील. गाडी शिकले मात्र पंचेचाळिशीत, घरादाराचे टोमणे पचवून. आज सासूबाईंना डॉक्टरांकडे नेणं, जौहरी बाजारातली खरेदी, इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाची तयारी, सगळं त्या गाडीच्या जिवावर चालतं. म्हणून तो आरोप जिव्हारी लागला.

तसं निमित्त घडलं होतं खरं. आदल्या रविवारी पाहुण्यांना घेऊन आम्ही नाहरगडावर निघालो होतो. सवाई जयसिंगांनी १७३४ साली बांधलेल्या या गडाचा रस्ता म्हणजे वळणावर वळण आणि चढावर चढ. गाडी चिरंजीवच चालवत होते. तिसऱ्या गिअरमध्ये त्यांनी जोर दिला, तर इंजिन नुसतंच ओरडलं. काटा वर गेला, गाडी मात्र होती त्याच वेगात. पाठोपाठ काहीतरी करपल्याचा वास. माझ्या मनात पहिलं आलं ते घरी गॅसवर राहिलेलं दूध!

खरी गोष्ट पुढे कळली. आमची गाडी टर्बो डिझेल. कंपनीनं दिलेला तिचा टॉर्क, म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन मीटर. चिरंजीवांनी हिवाळ्यात इंजिनाच्या संगणकातली आज्ञावली बदलून घेतली आणि तो ३२० च्या घरात नेला. इंजिन पहिलवान झालं, पण त्याचा जोर चाकांपर्यंत पोचवणारा क्लच होता तोच राहिला.

आता जोरकस क्लच बसवायचा ठरलं. चिरंजीवांनी निवडही करून टाकली होती: सिरॅमिकचा, ६०० न्यूटन मीटर पेलणारा. "एकदाच काय ते मजबूत घेऊ!" ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. मी मात्र म्हटलं, "रोज पेडल मी दाबते. मी येणार."

ट्रान्सपोर्ट नगरकडच्या त्या गल्लीत मिस्त्रींनी मला प्लास्टिकची खुर्ची दिली, चहा दिला आणि क्लच म्हणजे काय ते दाखवलं. इंजिनाबरोबर फिरणारं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याला टेकलेली क्लच प्लेट आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की पकड सुटते, सोडलं की बसते. एवढंच!

मला लगेच लोणच्याची बरणी आठवली. झाकण हातातून घसरत असेल तर आपण काय करतो? एक तर जास्त जोरानं आवळतो, नाहीतर हाताला खरखरीत फडकं घेतो. क्लचचंही तसंच. प्रेशर प्लेटची स्प्रिंग कडक केली की पकड वाढते, पण पेडल जड होतं. प्लेटवरचा थर सिरॅमिकसारखा चावरा घेतला तर उष्णता पुष्कळ सोसतो, पण तो हळूच पकडत नाही, खाडकन पकडतो. फुकट काहीच मिळत नाही, हे आपण बायका बाजारात रोजच शिकतो.

मिस्त्रींकडे तसाच क्लच बसवलेली दुसरी एक गाडी उभी होती. "आंटीजी, पहले आप बैठकर देखिए," ते म्हणाले. मी पेडल दाबलं आणि डाव्या गुडघ्यातून कळ गेली. रस्त्यावर काढली तर पहिल्याच सिग्नलला गाडीनं अशी उडी घेतली की शेजारी बसलेल्या चिरंजीवांचा हात डॅशबोर्डवर गेला. दुसऱ्या सिग्नलला बंद पडली. मागून हॉर्नचा गजर सुरू झाला. मनात आलं, असा क्लच बसला तर चारच दिवसांत किल्ली खुंटीला लावीन आणि पुन्हा "मला जरा सोडता का?" विचारत बसेन. पंचेचाळिशीत मिळवलेलं सगळं एका पेडलापायी जाणार!

परत आल्यावर मिस्त्रींनी शांतपणे विचारलं, "भैया, गाड़ी घर की है या रेस की?"

चिरंजीव गप्प. मला जयगडावरची जयबाण तोफ आठवली. १७२० साली ओतलेली, वजन पन्नास टनांच्या आसपास, नुसतं पाहूनच छाती दडपते. पण उडवली एकदाच, तीही चाचणीसाठी, असं सांगतात. शहराच्या गर्दीत रोज वापरायच्या वस्तूचा हिशोब वेगळाच असतो.

मग ठरलं ते असं. इंजिनाचा जोर ३२०, तर क्लच ४०० च्या आसपास पेलणारा. वर थोडी शिल्लक पुरे. प्लेटवरचा थर कंपनीच्या जातीचाच, ऑरगॅनिक, मऊ पकडणारा; प्रेशर प्लेट मात्र थोडी कडक. 'स्टेज वन', 'स्टेज टू' या नावांना भुलायचं नाही, कारण प्रत्येक बनवणाऱ्याचं माप निराळं. फ्लायव्हील दोन भागांचं आहे, त्यातल्या स्प्रिंगा डिझेल इंजिनाचे हिसके गिळतात. ते ठीक असेल तर बदलायचं नाही. गिअरबॉक्स उतरवण्याचीच मजुरी मोठी, म्हणून रिलीझ बेअरिंग त्याच वेळी नवं टाकायचं. ह्यांनीही अखेर वर्तमानपत्र ठेवलं, पॉलिसी वाचली आणि इंजिनातला बदल विमा कंपनीला लेखी कळवला. गाडीत मूळ नोंदणीशी न जुळणारे फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, तेव्हा असे उद्योग करण्याआधीच कागद पाहावेत, हेही त्यांनी चिरंजीवांना सुनावलं.

आणि माझा खटला? जुनी प्लेट बाहेर आली तेव्हा मी मुद्दाम उभी राहिले. थर अजून बराच शिल्लक होता, रिव्हेटं उघडी पडली नव्हती. पण घसरून घसरून तो काचेसारखा गुळगुळीत झाला होता. "घिसा नहीं है, फिसला है," मिस्त्री म्हणाले. जोर पेलवला नव्हता. सिग्नलला क्लचवर पाय ठेवून बसायची माझी सवयही काही चांगली नव्हे, हेही त्यांनी हसत सांगितलं. ते मी मुकाट्यानं ऐकलं. आता पाय बाजूला असतो आणि चढावर हँडब्रेक.

पहिले आठशे किलोमीटर शहरातच, सांभाळून चालवायची होती, थर नीट बसावा म्हणून. ते काम साहजिकच माझ्याकडे आलं. पेडल पूर्वीपेक्षा किंचित जड आहे, पण गुडघा कुरकुरत नाही.

हप्ते झाले, मग महिना. परवा सासूबाईंना घेऊन नाहरगडावर गेले. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कुरकुर न करता चढली. सासूबाई खिडकीतून खाली पसरलेलं शहर बघत होत्या. मला मात्र सकाळचं आठवत होतं. चिरंजीवांनी गाडी बाहेर काढून दिली होती, आणि किल्ली देण्याआधी सीट माझ्या पायाच्या मापानं पुढे सरकवून ठेवली होती. माफी अशीही मागतात मुलं.