साडेदहा इंच

नवी वस्तू घ्यायची म्हटली की "यातलं सगळ्यात मोठं कुठलं?" हा प्रश्न आपल्या तोंडी आधी येतो. मग तो फ्रीज असो नाहीतर कुकर. माझा नातू अमेरिकेत वाढला, पण हा प्रश्न मात्र त्याने आजोळहून बरोबर उचलला आहे!

तो युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला असतो. नोकरी लागल्यावर स्वारीने डोंगरात चालवायची स्नोमोबील घ्यायचं ठरवलं. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, असं हे बर्फावरचं वाहन. फोनवर म्हणाला, "आजी, ट्रॅक १७५ इंची आणि पॅडल ३ इंची घेतो. बेस्ट!" मराठी माध्यमातून बीए झालेल्या आजीला यातलं काय कळणार, असं त्याला वाटलं असावं. पण पस्तीस वर्षं भूगोल शिकवल्यावर, कळलं नाही की विचारायचं, ही सवय काही जात नाही.

तर मला समजलं ते असं. ट्रॅक म्हणजे माळेसारखा बंद वेढा. १७५ इंच ही सगळ्या वेढ्याची लांबी. जमिनीला टेकतो तो खालचा भाग. म्हणजे १५४ इंचांऐवजी १७५ घेतला, तर वाढलेल्या २१ इंचांपैकी खाली येणार साडेदहा. रुंदी १५ इंच धरली, तर जास्तीची जागा मिळाली जेमतेम दीड फुलस्केप कागदाएवढी. पण भुसभुशीत बर्फात तेवढ्यानेही फरक पडतो. वजन जास्त जागेवर विभागलं जातं, गाडी कमी रुतते आणि सरळ चढ चढते. उलट झाडाझाडांतून वळायचं म्हटलं की तीच लांबी अंगावर येते.

पॅडल म्हणजे वल्हंच की! पट्ट्यावरच्या आडव्या रबरी कडा बर्फ मागे लोटतात. अडीच इंच, तीन इंच ही त्यांची उंची. आमच्या मावळात चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात, ते आठवा. खाचरात त्याला तोड नाही, पण डांबरी रस्त्यावर ते कोणी चालवेल का? तीन इंची पॅडलचंही तसंच. खोल, कोरड्या बर्फात उत्तम. पण ती फिरवायला इंजिनात ताकद लागते आणि साधं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. नातू जातो त्या युइंटा डोंगरातली बाल्ड माउंटन खिंड १०,५०० फुटांहून उंच आहे. म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा हवेतच गेला! शिवाय दाबलेल्या कडक वाटेवर पुरेसा बर्फ उडत नाही, आणि त्या उडणाऱ्या बर्फानेच तर पट्ट्याखालच्या सरी नि इंजिनाचं पाणी थंड राहतं.

मी त्याला एवढंच विचारलं, "तुझं वजन किती, तू जाणार कुठे, आणि चालवता किती येतं?" साठ किलोचा हा मुलगा, बहुतेक वेळ झाडीत फिरणारा, पहिलाच हिवाळा. दोन दिवसांनी त्यानेच सांगितलं, "१५४ आणि अडीच घेतो."

माझ्या पोटात गोळा आला होता तो वेगळ्याच कारणाने. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९३४ च्या हिवाळ्यात जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा गेला, कारण बर्फाने अडलेल्या वाटेने इस्पितळ गाठता आलं नाही. बर्फावरच्या गाडीचा त्यांचा ध्यास त्यानंतर अधिकच पक्का झाला. १९३७ मध्ये त्यांना दातेरी चाक आणि पट्ट्याच्या रचनेचं पेटंट मिळालं, १९५९ मध्ये छोटी स्की-डू आली. मुलं वाचावीत म्हणून घडवलेलं हे यंत्र. आता तरुण मुलं त्यावर बसून, उतारावर सगळ्यात वर कोणाची खूण उमटते अशी चढाओढ करतात. बहुतेक हिमस्खलनं होतात ती ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. आणि लांब पट्टा, उंच पॅडल नेमके तिथेच घेऊन जातात. नवख्याच्या हाती इतकी पोच आयती पडते आणि उतार ओळखण्याची नजर मात्र मागाहून येते.

वाचलेल्या पैशांतून त्याने बीकन, शोधकाठी आणि फावडं घेतलं, हिमस्खलनाचा अभ्यासवर्गही केला. उतारावर एका वेळी एकानेच जायचं, खाली कोणी थांबायचं नाही, हे आता तोच मला शिकवतो.

हिवाळ्यात शनिवारी निघण्याआधी तो युटा अ‍ॅव्हलांच सेंटरचा त्या दिवशीचा अंदाज मला पाठवतो. तिकडे सकाळ, इकडे रात्रीचे आठ. मी चष्मा लावून धोक्याची पायरी, उताराची दिशा, वारा सगळं वाचते. मग विचारते, "आज कुठल्या बाजूने जाणार?" त्याचं उत्तर आलं की मग पानं घेते.