वाटूर फाटा ते किर्लोस्करवाडी

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर परतूर तालुक्यातील वाटूर हे गाव आहे. परतूरची वाट येथूनच फुटते; म्हणून प्रवाशांच्या तोंडी गावापेक्षा ‘वाटूर फाटा’ हेच नाव अधिक. दोहो बाजूंस काळी जमीन, तीत कापूस, तूर आणि सोयाबीन. प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत घालावे असे येथे काही नाही. तथापि दसरा-दिवाळीच्या सुमारास जो येथे घटकाभर थांबेल, त्याच्या समोरून समाजशास्त्रातील एक अवघड प्रकरण चालत जाईल.

त्या दिवसांत आम्ही या रस्त्याने गेलो, तेव्हा ट्रॅक्टरांच्या मागे जोडलेल्या गाड्यांत भांडीकुंडी, पत्रे, सरपण, शेळ्या आणि त्यांवर बसलेली लहान मुले असा सारा संसार चाललेला दिसला. परतूर-मंठा भागातील ही कुटुंबे ऊसतोडीस निघतात, ती गळिताचा हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवराबायकोच्या जोडीस या व्यवहारात ‘कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने व्हावी, यातच पुष्कळ काही आले.

हंगामापूर्वी मुकादम प्रत्येक कोयत्यास आगाऊ रक्कम देतो. तिचे नाव ‘उचल’. लग्न, आजारपण, जुने देणे यांत ती आधीच खर्ची पडते. पुढे टनावारी मजुरीतून ती फेडावयाची. कामावर न गेल्यास ‘खाडा’ पडतो व त्याचे पैसे कापले जातात. हंगामाअखेर बाकी उरली, तर ती पुढल्या वर्षाच्या मानेवर बसते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा २०१९ साली राज्य शासनास चौकशी समिती नेमावी लागली. खाडा चुकविण्यासाठी देहाचीच तोड व्हावी, यापरते कामाचे विपरीत रूप कोणते?

माणूस झटून काम का करतो, या प्रश्नाचा पाश्चात्त्य पंडितांनी पुष्कळ ऊहापोह केला आहे. अमेरिकेतील टेलर याने १९११ साली असे प्रतिपादन केले की, कामाचे बारीक माप घ्यावे व मोबदला त्यास जोडावा. परंतु जर्मन पंडित मॅक्स वेबर याने त्यापूर्वीच, १९०४-०५ साली, एक मार्मिक गोष्ट नोंदविली होती : कापणीची मजुरी वाढविली की, मजूर अधिक न कापता कधी कधी कमीच कापतो, कारण नेहमीचा खर्च तेवढ्यातच भागतो. पुढे शिकागोनजीकच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ पर्यंत प्रयोग झाले. त्यांवरून एल्टन मेयो याने असे मत मांडले की, सोबत्यांचा जिव्हाळा आणि आपली कोणी दखल घेतो ही जाणीव, यांचाही कामावर मोठा परिणाम होतो. त्या निष्कर्षांवर पुढे आक्षेप आले; परंतु केवळ पैशाने उमेद विकत मिळत नाही, ही गोष्ट बहुतेकांस मान्य झाली. फ्रेंच पंडित मार्सेल मॉस याने १९२५ साली दाखविले की, दिलेली वस्तू घेणाऱ्यास बांधून ठेवते. उचल ही त्या बंधनाचीच एक कठोर तऱ्हा होय. अडचणीच्या वेळी हाती पडते म्हणून ती उपकारासारखी भासते. वसूल मात्र कर्जासारखी होते.

ज्या कृष्णाकाठी यांतील काही गाड्या पोहोचतात, तेथेच, सांगली जिल्ह्यात, याच प्रश्नाचे निराळे उत्तर शोधणारे एक गाव आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून आपला कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकानजीकचा निवडुंगाने भरलेला ३२ एकरांचा माळ दिला. तेथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर करणाऱ्या त्या कारखान्याबरोबरच कामगारांची घरेही उभी राहिली. शाळेत न रमलेले बंधू रामूअण्णा यांनी वसाहतीची आखणी केली. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी पहाऱ्यावर नेमले. ज्यास जग चोर म्हणते त्याच्या हाती किल्ली देणे, हे कोणत्याही मापनशास्त्रात बसत नाही. आणि तरीही वाडी वाढली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली; कारखान्याच्या त्या पत्रिकेतूनच पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत जाणारे मासिक निर्माण झाले. आज तेथे पंप तयार होतात.

कोणी म्हणेल, हाही धन्याचा उपकारच. आक्षेप खरा आहे. घर आणि रोजी एकाच हाती असली, की रुसण्याची सोय राहात नाही. धन्याचा सद्भाव वारसाहक्काने उतरतोच असे नाही. म्हणून त्यास कायद्याची व संघटनेची जोड हवीच. परंतु दोन्ही ठिकाणी माणूस बांधलेला आहे असे म्हणून दोहोंना एकाच तराजूत घालणे न्यायाचे नव्हे. एकीकडे विश्वास आधी टाकला जातो आणि त्यास जागण्याची उमेद माणसात उपजते. दुसरीकडे पैसा आधी टाकला जातो आणि भय उपजते. भयाने ऊस तुटतो, पण माणूस वाढत नाही.

संस्कृतात नोकरास ‘भृत्य’ म्हणतात. शब्द ‘भृ’ धातूपासून झाला आहे; भृ म्हणजे धारण करणे, पोसणे. ज्याचा भार आपण उचलावयाचा, तो भृत्य. आणि त्या भरणाचे साधन ती ‘भृति’, म्हणजे वेतन. आमच्या व्यवहारात मात्र उचल घेणाराच जन्मभर भार वाहतो. शब्द उलटा झाला, कारण नाते उलटे झाले.

आमच्या वाचकांपैकी कोणाचे चिरंजीव कारखान्यात अधिकारी असतील, कोणी कचेरी चालवीत असतील. निदान घरी भांडी घासावयास बाई तरी येत असेल. ती आजारी पडली, तर आपण खाडा धरतो की औषधाची विचारपूस करतो? तिने आगाऊ घेतलेले पैसे तिला कामावर आणतात, की आपल्या घरचे वागणे? या दोन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे ज्याने त्याने आपल्याच उंबरठ्यावर द्यावीत. वाटूरच्या फाट्यावरून जाणाऱ्या त्या गाड्यांतील साखर आपल्या सर्वांच्याच चहात आहे.