दर वेळी फॉरमॅट

२००७च्या श्रावणात अण्णांचा निरोप आला तो असा: "येताना एक्सपीची सीडी घेऊन ये, फॉरमॅट मारायचाय." निदान त्यांचंच, उपचारही त्यांचाच. मला बोलावलं होतं ते फक्त हात चालवायला.

अण्णांचं डीटीपी सेंटर सांगलीत, गणपती पेठेच्या मागच्या एका बोळात. तरुणपणी ते छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळ्यांचे दिवस संपल्यावर कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला आणि पन्नाशीच्या तोंडावर पेजमेकर शिकले. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि पावसाळ्यात दोन-तीन दिवाळी अंक, यावर सेंटर चालायचं. दिवाळी अंकाच्या कामात लेखक उशिरा लेख देतात, जाहिराती त्याहून उशिरा येतात, आणि हा सगळा उशीर शेवटी डीटीपीवाल्याने भरून काढायचा असतो. नेमक्या त्याच दिवसांत मशीन रडायला लागलं होतं.

तसं ते वर्षभर अधूनमधून रडतच होतं. ओळखीतला एक जण यायचा, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचा, फाँट चढवायचा, मशीन काही आठवडे पळायचं आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो, दुसरं काय," असं अण्णांचं मत होतं. त्या काळात ते अगदीच टाकाऊ नव्हतं. येणाऱ्या दर दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये काही ना काही वळवळत असायचं.

पण कीबोर्डवर बसणारी मुलगी म्हणाली, "दादा, टाइप करताना काही होत नाही. सेव्ह दिलं की माउस झिंगतो. आणि तेव्हा गाणं लावलेलं असलं तर ते खर्र खर्र करतं."

मी सीडी पिशवीतच ठेवली. व्हायरस सेव्ह देण्याची वाट बघत बसत नाही. टायपिंग सुरळीत आणि डिस्कवर लिहायला घेतलं की माउस, आवाज सगळंच अडखळतंय, म्हणजे कुणीतरी प्रोसेसरला मध्येच धरून ठेवत होतं.

स्कॅन केलेल्या फोटोंचं एक जाडजूड फोल्डर सी ड्राइव्हवरून डीवर कॉपीला लावलं आणि टास्क मॅनेजर उघडला. आलेख वर चढला, पण प्रोसेसच्या यादीत तो खर्च कुणाच्याच नावावर दिसेना. व्ह्यू मेनूतून कर्नल टाइम्स दाखवायला सांगितलं, तर लाल रेघ हिरवीला चिकटून वर गेलेली. म्हणजे वेळ जात होता तो पेजमेकरमध्ये नाही, विंडोजच्या पोटात. माझ्या पेनड्राइव्हवर मार्क रसिनोविच यांचं प्रोसेस एक्स्प्लोरर कायम असायचं. ते इन्स्टॉल करावं लागत नाही. त्यात एक ओळ वेगळी दाखवतात: हार्डवेअर इंटरप्ट्स. धडधाकट मशीनवर ती एक-दोन टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. इथे ती साठच्या आसपास हेलकावत होती.

कीबोर्ड, माउस, नेटवर्क कार्ड, डिस्क, ज्याला ज्याला प्रोसेसरचं लक्ष हवं असतं तो इंटरप्ट देतो. प्रोसेसर हातातलं काम जागच्या जागी थांबवतो, त्या उपकरणाच्या ड्रायव्हरमधला ठरलेला तुकडा चालवतो आणि परत येतो. हा तुकडा अगदी छोटा असावा अशी अपेक्षा असते, कारण तो चालू असताना बाकीच्यांना ताटकळावं लागतं. तो कुठल्या एका प्रोग्रॅमचा नसल्याने त्याचा खर्चही कुणाच्या नावावर चढत नाही. म्हणून टास्क मॅनेजर बघून लोक हात टेकतात आणि फॉरमॅटवर येतात.

नेटवर्क कार्ड, साउंड कार्ड, यूएसबी एकेक करून डिसेबल केलं. आकडा हलला नाही. राहिली डिस्क.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज नावाचं पान आहे. तिथे वरच्या चौकटीत 'डीएमए इफ अव्हेलेबल' असं ऐटीत लिहिलेलं होतं आणि बरेच जण तेवढं वाचूनच खिडकी बंद करतात. त्याच्याच खालची ओळ, सध्या प्रत्यक्ष काय चाललंय ते सांगणारी, म्हणत होती: पीआयओ मोड.

डीएमएमध्ये डिस्कवरची माहिती परस्पर मेमरीत उतरते. काम झालं की एक इंटरप्ट येतो, बस्स. पीआयओमध्ये ती प्रोसेसरला स्वतः उचलावी लागते, तीही एका वेळी १६ बिट. ५१२ बाइटांच्या एका सेक्टरसाठी २५६ खेपा. इमारतीच्या मालकानेच ट्रकमधून एकेक वीट उतरवत बसावं, तसला प्रकार. आणि विंडोजचा ॲटापी ड्रायव्हर ही उचलाउचल इंटरप्टच्या त्या तुकड्यातच करतो. त्यामुळे सगळा वेळ हार्डवेअर इंटरप्ट्सच्या ओळीत जमा झाला होता. माउस का झिंगत होता, तेही कळलं.

प्रश्न असा की डीएमएवरची डिस्क पीआयओवर आली कशी. हे एक्सपी स्वतः करतं. डिस्कशी बोलताना टाइमआउट किंवा सीआरसीच्या, म्हणजे माहिती वाटेत बिघडल्याच्या, एकूण सहा चुका झाल्या की ड्रायव्हर वेग एक पायरी खाली आणतो. चुका होतच राहिल्या तर आणखी खाली, आणि शेवटी पीआयओ. हेतू चांगला आहे. मंद चाललेलं बरं, पण फायली बिघडायला नकोत. फक्त हे करताना वापरणाऱ्याला एका शब्दाने कळवत नाहीत, आणि पुढे तारा सुधारल्या तरी वेग आपणहून वर येत नाही.

आणि म्हणूनच फॉरमॅट लागू पडायचा. विंडोज नव्याने टाकलं की चुकांचा हिशेबही कोरा होतो, डिस्क पुन्हा डीएमएवर येते, मशीन पळतं. मग चुका साचत जातात आणि गाडी परत पीआयओवर. फॉरमॅट मारणाऱ्या गृहस्थाला प्रत्येक वेळी यश आलेलं दिसत होतं. त्याचा हात गुणाचा आहे असंच अण्णांना वाटायचं. असं अर्धवट गुण देणारं औषध सोडवणं फार अवघड, कारण कधीच गुण न देणारं लोक आपसूक सोडतात.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲटापीच्या नावावर पॅरिटी एररच्या लाल खुणा होत्या, पण त्या शेवटच्या फॉरमॅटनंतरच्याच. आधीचं सगळं पुसलेलं. डिस्कला मात्र स्वतःची वही असते. स्मार्ट नोंदींमधला १९९ क्रमांकाचा रकाना सीआरसी चुकांचा. तो डिस्कच्या आतच असल्याने कितीही फॉरमॅट मारले तरी शाबूत राहतो. तो आकडा विंडोजमधल्या खुणांच्या मानाने कितीतरी मोठा होता. डिस्कच्या पृष्ठभागावरचे खराब सेक्टर मोजणारे रकाने मात्र शून्यावर. डिस्क ठीक, रस्ता खराब.

कॅबिनेट उघडलं. केबल ८० तारांची, म्हणजे योग्य जातीची होती. पण एसएमपीएसखाली घडी घालून तिला रबरबँड लावलेला. डिस्कच्या बाजूच्या काळ्या कनेक्टरच्या मागची प्लॅस्टिकची पट्टी एका कडेने उचकटली होती आणि शेवटच्या काही तारा आतल्या दातांवरून केसभर वर आल्या होत्या. केबल काढताना कनेक्टरला न धरता पट्ट्याला हिसका दिला की असं होतं. मशीन उघडून साफ करणाऱ्यांपैकी कुणीतरी तो दिला असणार.

नवी केबल आणायला गेलो तर दुकानदाराने आधी ४० तारांची काढली. ती दिसायला तशीच, कनेक्टरही तेवढ्याच भोकांचा; फक्त पट्ट्यावरच्या रेघा जाड असतात. ८० मधल्या जास्तीच्या ४० तारा माहिती नेत नाहीत, दोन तारांच्या मध्ये राहून एकीचा उपद्रव दुसरीला होऊ देत नाहीत. डीएमएचे वरचे वेग त्यांच्याशिवाय चालत नाहीत. त्याने मग एक गोल, निळी, चमचमती, हातभर लांब केबलही दाखवली. ४६ सेंटीमीटरच्या वर लांबी नको, म्हणून ती नाकारली; शिवाय मला ती मुळातच आवडत नाही.

निळं टोक मदरबोर्डला, काळं डिस्कला. मशीन चालू केल्यावर आयडीई चॅनेल अनइन्स्टॉल केला आणि रीस्टार्ट दिला. एक्सपी तो स्वतःच पुन्हा शोधून काढतं, या वेळी कोऱ्या हिशेबाने. अल्ट्रा डीएमए मोड ५. तेच फोल्डर पुन्हा कॉपीला लावलं, मुलीने गाणं लावलं. हार्डवेअर इंटरप्ट्स एकावर.

रजिस्ट्रीत एक नोंद घालून, काम यशस्वी झालं की चुकांचा हिशेब शून्य करायला सांगता येतं. ती मी घातली नाही. केबल पुन्हा बिघडली तर मशीन मंद होऊन बोंब मारलेली मला हवी होती.

अण्णा शेजारी बसून बटर पेपरवर निघालेली पानं तपासत होते. "म्हणजे आजपर्यंतचे फॉरमॅटचे पैसे?" त्यांनी विचारलं.

"ते गेले, अण्णा."

"आणि तुझे?"

"केबलचे आणि येण्याजाण्याचे द्या."

दिवाळी अंक छापायला गेल्यावर मी १९९चा रकाना पुन्हा पाहिला. आकडा तिथेच थांबलेला होता. तोवर त्या मुलीने दुसऱ्या मशीनवरचे चॅनेलही तपासून ठेवले होते. सीडी रायटरला मोड २च दिसतोय, ही केबलपण गेली का, म्हणून तिने मला उभ्या उभ्या गाठलं. रायटरला तेवढाच असतो, म्हटलं; पीआयओ दिसलं तर फोन कर.