जहाज बंडखोरांचे, गाणे कुणाचे?

‘सिनेमा करमणुकीसाठी असतो, त्यात कशाला जात-वर्ग शोधता?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. विचारणारा बहुधा तोच असतो ज्याला पडद्यावर आपलीच माणसे दिसत असतात. ज्याला ती कधीच दिसत नाहीत, त्याला शोधावे लागते.

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत महिन्यातून एकदा आम्ही भिंतीवर चादर लावून चित्रपट दाखवतो. या वेळी मुलांच्या आग्रहाखातर ‘द बोट दॅट रॉक्ड’ लावला. रिचर्ड कर्टिस यांचा २००९ सालचा हा ब्रिटिश विनोदपट अमेरिकेत ‘पायरेट रेडिओ’ या नावाने आला. काळ १९६६ चा. इंग्लंडजवळच्या समुद्रात नांगरलेल्या एका गंजक्या जहाजावरून आठदहा अवली निवेदक रात्रंदिवस रॉक संगीत वाजवतात आणि लंडनमधला एक खडूस मंत्री त्यांना बंद पाडायला निघतो. शेवटी जहाज बुडू लागते. सरकार मदत नाकारते, तेव्हा श्रोतेच होड्या घेऊन धावत येतात. त्या प्रसंगाला आमच्या मुलांनी शिट्ट्या मारल्या. खरे सांगायचे तर आम्हीही मारल्या.

दिवा लावल्यावर बारावीतल्या एका मुलीने विचारले, “दादा, जहाजावर राहणारी एकच बाई, तीही स्वयंपाकीण. बाकीच्या पोरी पाहुण्या म्हणून येतात नि जातात. आणि तो जाड्या निवेदक अंधारात स्वतःच्या जागी दुसऱ्या पोराला मुलीकडे पाठवायला निघतो, यात हसण्यासारखे काय होते?” शिट्ट्या मारणारे सगळे गप्प झाले. हसलो तर आम्हीही होतो.

मग आम्ही चित्रपटामागचा खरा इतिहास वाचायला घेतला.

त्या काळी ब्रिटनमध्ये रेडिओवर बीबीसीची मक्तेदारी होती. रेकॉर्ड किती वेळ वाजवायच्या यावर वादक संघटनांशी झालेल्या करारांची मर्यादा होती. व्यावसायिक रेडिओ लक्झेंबर्गवर मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांचा पगडा होता. आपल्या कलाकाराला कुठेच जागा मिळेना, तेव्हा रोनन ओ’राहिली या आयरिश तरुणाने जहाजच मिळवले आणि मार्च १९६४ मध्ये देशाच्या सागरी हद्दीबाहेरून ‘रेडिओ कॅरोलाइन’ सुरू केले. दार उघडत नसेल तर स्वतःचे दार बसवायचे, ही हिंमत आम्हाला मान्य आहे. तिचे मोल आम्ही कमी करणार नाही.

पण जहाज काही फुकट मिळत नाही. ओ’राहिलीच्या वडिलांच्या मालकीचे बंदर होते. जहाजाची तयारी तिथेच झाली. ‘रेडिओ लंडन’च्या मागे टेक्सासचा पैसा होता. ‘रेडिओ अटलांटा’शी जोडलेले ऑलिव्हर स्मेडली हे खुल्या बाजारपेठेचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९६६ मध्ये एका सागरी केंद्राच्या वादातून त्यांच्या गोळीने प्रतिस्पर्धी चालक रेजिनाल्ड कॅल्व्हर्ट यांचा जीव गेला. न्यायालयाने स्मेडलींना निर्दोष सोडले. विनोदपटात याचा मागमूसही नाही. म्हणजे ज्याला चित्रपट ‘स्वातंत्र्य’ म्हणतो, त्यात जाहिरातीचा धंदाही होता आणि भांडवलाची मारामारीही.

चित्रपटातला मंत्री जुन्या उमरावी वळणाचा वाटतो. प्रत्यक्षात सत्तेवर मजूर पक्षाचे विल्सन सरकार होते. त्याने केलेला सागरी प्रसारणविरोधी कायदा १४ ऑगस्ट १९६७ च्या मध्यरात्री लागू झाला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बीबीसीने रेडिओ वन सुरू केला आणि त्यावर पहिला आवाज उमटला टोनी ब्लॅकबर्न यांचा. कालपर्यंत ते सागरी केंद्रांवरच निवेदक होते! बंडखोर बेकायदा ठरले आणि दीड महिन्यात त्यांच्यातलेच काही सरकारी नोकरीत सन्मानाने बसले. बंड इतक्या लवकर पचते, तेव्हा ते कुणाचे होते हे विचारायला नको का?

आता मुख्य मुद्दा. रॉक संगीताचे मूळ काळ्या अमेरिकनांच्या ब्लूजमध्ये आहे. ‘रोलिंग स्टोन्स’ने आपले नावच मडी वॉटर्स यांच्या गाण्यावरून घेतले. ‘हाउंड डॉग’ हे गाणे एल्व्हिस प्रेस्लीच्या आधी बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने गायले होते. जग ओळखते एल्व्हिसला. चित्रपटातही काळ्या कलाकारांची गाणी वाजतात, पण माईकसमोर बसणाऱ्या निवेदकांत एकही काळा माणूस नाही. त्यांचा आवाज चालतो, त्यांनी बोललेले चालत नाही.

आणि त्याच वेळी किनाऱ्यावर काय चालले होते? १९६५ च्या ब्रिटिश वंशभेदविरोधी कायद्यात घर आणि नोकरी यांचा समावेशच नव्हता. काळ्या माणसाला ‘खोली नाही’ म्हणणे १९६८ चा कायदा येईपर्यंत चालत राहिले. गाणी थांबवण्याचा कायदा आधी आला, दार लावून घेणाऱ्याला थांबवण्याचा नंतर.

काळ्या लंडनकरांनी स्वतःचा चोरटा रेडिओ उभा केला तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. बीबीसीला चिमटा काढत नाव ठेवले ‘ड्रेड ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन’. त्यांच्याकडे जहाज नव्हते. शहरातच लपवलेला ट्रान्समीटर आणि छापा पडण्याची टांगती तलवार होती. तिथेच रँकिंग मिस पी ही काळी स्त्री माईकवर आली आणि पुढे तिचा आवाज रेडिओ वनवरही गेला. आमच्या बारावीतल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. या कहाणीवर कर्टिस यांनी विनोदपट काढला नाही.

हे सगळे आम्हाला इतके का झोंबते, तेही कबूल केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या प्रश्नावर बोलायला एका रेडिओ केंद्राने आम्हाला बोलावले. मुलाखतीआधी हसतमुखाने सांगितले गेले, “विषय छान आहे, फक्त जातीचा उल्लेख टाळा.” आणि आम्ही टाळला. वीस मिनिटे हातमोजे आणि गमबूट यांवर बोललो. गटारात तीच माणसे का उतरतात, हे बोललो नाही. घरी आलो तेव्हा आई म्हणाली, “आवाज तुझाच होता, पण तू नव्हतास.” माईक आमच्या समोर होता, बटण मात्र दुसऱ्याच्या हातात होते.

बाबासाहेबांनी हे शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे मोजूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेब दुसऱ्याच्या पानात कोपरा मागत बसले नाहीत.

तेलंगणातल्या दलित बायांनीही तेच केले. परवाना नव्हता तेव्हा त्या कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून कॅसेटवर गावोगाव ऐकवत राहिल्या. २००८ मध्ये परवाना मिळाला आणि ‘संघम रेडिओ’ सुरू झाला. माईकही त्यांचा, बटणही त्यांचे, भाषाही त्यांचीच.

मित्रांनो, ‘द बोट दॅट रॉक्ड’ जरूर पाहा. हसा, ठेका धरा. पण कुणी बंडाचे जहाज दाखवले की तीन प्रश्न विचारा: जहाज कुणाच्या पैशाचे, गाणे कुणाच्या घामाचे आणि माईकवर कोण?

अभ्यासिकेत आता एक जुना फोन आणि एक साधा माईक आहे. पुढच्या रविवारी पहिले ध्वनिमुद्रण होईल. विषय सफाई कामगार. या वेळी जातीचा उल्लेख टाळला जाणार नाही. प्रश्न ती बारावीतली मुलगी विचारणार आहे आणि बटणही तिच्याच हातात असेल.

जय भीम!